थरांची गांडूळपेटी: तोटीपेक्षा पुठ्ठा कामाचा

घरात गांडूळखत करायचं ठरवून तयार संच शोधायला गेलं की पहिल्यांदा समोर येते ती एकावर एक ट्रे रचलेली प्लॅस्टिकची पेटी. तळाशी पाणी साठवणारं भांडं, त्याला तोटी, त्यावर बुडाला भोकं असलेले तीन ते पाच ट्रे आणि सगळ्यांवर झाकण. बनवणारे बरेच आहेत, रंग आणि पाय वेगवेगळे, रचना मात्र तीच. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका छापाचं नाही, या रचनेचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. पेटी घेण्यासारखी आहे. ती विकताना दिलेलं आश्वासन मात्र निम्मंच खरं आहे. आश्वासन असं की खालच्या ट्रेतलं खाणं संपलं की गांडुळं आपणहून वरच्या ट्रेत चढतात, खाली स्वच्छ खत उरतं आणि तोटीतून झाडांसाठी द्रवखत मिळतं. यातलं पहिलं अर्धवट घडतं, दुसरं क्वचित, आणि तिसरं ज्या पेटीत घडतं ती पेटी बिघडायला लागलेली असते.

खोक्यातून काय निघतं

मध्यम आकाराचा ट्रे साधारण ३८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि १३ ते १५ सेंटिमीटर खोल असतो. वरचा ट्रे खालच्यात थोडा आत बसतो, त्यामुळे प्रत्यक्ष वापरायला मिळतात ते १२ ते १५ लिटर. बुडाची भोकं ५ ते ६ मिलिमीटरची असली तर उत्तम: मोठं गांडूळ सहज जातं आणि माल गळत नाही. ४ मिलिमीटरच्या खालची भोकं ओल्या खताने बुजतात, ८ च्या वरची असली तर खत आणि गांडुळं दोन्ही तळाच्या पाण्यात पडत राहतात.

सोबत बहुतेक वेळा कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, ६५० ग्रॅमची वीट येते. साडेतीन ते चार लिटर पाण्यात ती फुगून ८ ते ९ लिटर होते. भर म्हणून चांगली, पण नुसती वीट म्हणजे बिछाना, गांडुळं ज्यात राहतात तो ओला थर, नव्हे. त्यात गांडुळांना खाण्यासारखं फारसं काही नसतं, ती फार सावकाश कुजते, आणि धुतलेली नसेल तर क्षार घेऊन येते. भिजवून पहिलं पाणी पिळून टाकावं आणि मग दुसऱ्या पाण्यात वापरावी. खनिज पावडरीची पुडी मिळाली तर ठेवून द्या, पण संपल्यावर पुन्हा विकत आणायची गरज नाही. वाळवून पूड केलेली अंड्याची टरफलं तेच काम करतात.

ओलावा मोजायचा काटा मात्र सरळ बाजूला ठेवावा. ही स्वस्त उपकरणं पाणी मोजत नाहीत, मालातून वीज किती सहज वाहते ते मोजतात. गांडूळखतात क्षार भरपूर असतात, त्यामुळे काटा नेहमीच ‘ओलं’ दाखवतो. मूठभर माल घेऊन जोरात पिळावा. दोन-चार थेंब टपकले तर ठीक, धार लागली तर जास्त ओलं, हात नुसता दमट झाला तर कोरडं. तीन बोटांचं छोटं खुरपं मात्र संचात हवं होतं. येते ती प्लॅस्टिकची खरवड, आणि ती गांडुळं कापण्यापलीकडे काही करत नाही.

पाण्याचा हिशेब

या पेटीचं सगळं यशापयश एका साध्या गणितावर आहे, आणि पुस्तिकांमध्ये नेमकं तेच नसतं. फळांची आणि भाज्यांची सालं वजनाने ८० ते ९० टक्के पाणीच असतात. किलोभर सालं पेटीत घातली म्हणजे ८०० ते ९०० मिलिलिटर पाणी ओतल्यासारखंच. लाकडाच्या किंवा कापडाच्या पेटीत हे पाणी चारी बाजूंनी उडून जातं. गुळगुळीत प्लॅस्टिकमधून काहीच उडत नाही. ते खाली उतरतं, खालच्या ट्रेतल्या बारीक खताचा चिखल करतं, चिखलात हवा शिरत नाही आणि तिथून वास सुरू होतो. गांडुळांना फुप्फुसं नसतात, ती ओल्या त्वचेतून श्वास घेतात. म्हणजे ओल हवीच, पण त्या ओलीतून हवा खेळती असली पाहिजे.

तोटी हे या अडचणीवरचं कंपनीचं उत्तर आहे. खरं उत्तर पुठ्ठा आहे. जितक्या आकारमानाची सालं, तितक्याच आकारमानाचा कोरडा, फाडलेला पुठ्ठा दर वेळी सोबत घालायचा. कलिंगड, काकडीसारखं पाणीदार काही असेल तर दुप्पट. खोक्यांचा नालीदार पुठ्ठा सर्वांत सरस, कारण त्याच्या नाळ्यांमध्ये हवा अडकून राहते आणि कागद पाणी धरतो. वर्तमानपत्र चालतं, पण ओलं झालं की पापुद्रे एकमेकांना चिकटून थर होतो. तो हाताने मोकळा करावा लागतो. चकचकीत थर दिलेला पुठ्ठा, चिकटपट्टी आणि लेबलं काढून टाकावीत. शिवाय पुठ्ठ्यातला कार्बन सालींमधल्या नत्राला तोलून धरतो, त्यामुळे अमोनियाचा उग्र दर्पही येत नाही.

हे नियमित केलं तर तोटीतून जवळजवळ काहीच येत नाही, आणि तेच हवं.

मांडणी

सुरुवातीला एकच ट्रे लावायचा. तळाच्या भांड्यावर पहिला ट्रे, त्याच्या बुडावर ओल्या पुठ्ठ्याचा एक सलग तुकडा, म्हणजे नवखी गांडुळं भोकांतून खाली पडणार नाहीत. हा तुकडा दोन-तीन महिन्यांत ती स्वतःच खाऊन संपवतात.

बिछान्यासाठी आकारमानाने दोन भाग फाडलेला पुठ्ठा (पट्ट्या एक-दोन सेंटिमीटर रुंद), एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि एक भाग जुनं कंपोस्ट किंवा झाडाखालचा अर्धवट कुजलेला पाला. त्यात दोन मुठी साधी माती किंवा बारीक वाळू. गांडुळाला दात नसतात. पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत, म्हणजे पेषणीत, खडीच्या कणांनी ते अन्न दळतं. ती खडी कुठून तरी द्यावी लागते. टरफलांची पूड दोन मोठे चमचे. पाण्याचा अंदाज असा: कोरडा माल वजनाने एक भाग, पाणी तीन भाग. पुठ्ठा रात्रभर भिजवून हाताने पिळला की हे प्रमाण आपोआप जवळपास येतं. ट्रेमध्ये थर १० ते १२ सेंटिमीटर जाड हवा. पुष्कळ जण चार-पाच सेंटिमीटरवर थांबतात. एवढ्या पातळ थरात जरा खाणं जास्त झालं, ऊब वाढली किंवा आंबूस झालं की गांडुळांना सरकायला जागाच उरत नाही.

इथे पुस्तिका सांगते: बिछाना घाला, गांडुळं सोडा, खाऊ द्या, सगळं एकाच दिवशी. असं करू नये. मूठभर बारीक चिरलेली सालं मिसळून बिछाना सात ते दहा दिवस तसाच झाकून ठेवावा. गांडूळ मुख्यतः साल खात नाही, सालीवर वाढलेले जिवाणू आणि बुरशी खातं. त्यांना वाढायला वेळ लागतो. आणि मिश्रण तापणार असेल तर ते याच आठवड्यात, कोणी आत नसताना, तापून जातं.

गांडुळं कोणती आणि किती

बागेत खणून काढलेली गांडुळं या पेटीत जगत नाहीत. जमिनीत खोल बिळं करणारी आणि माती खाणारी जात वेगळी, पृष्ठभागावरच्या कुजणाऱ्या काडीकचऱ्यात राहणारी वेगळी. पेटीला दुसरी लागते. सर्वांत सोशीक म्हणजे आयसेनिया फेटिडा: तांबूस, अंगावर फिकट पिवळसर पट्टे, बोटभर लांब. तिची जवळची बहीण आयसेनिया आंद्रेई, एकरंगी लाल. युड्रिलस युजेनी आकाराने बरंच मोठं, खाणं झपाट्याने संपवतं, पण त्याला ऊब लागते आणि तापमान १० ते १२ अंशांच्या खाली गेलं की ते टिकत नाही. पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस निळसर झाक असलेलं, चपळ, उष्ण हवेत उत्तम वाढणारं, पण जरा काही बिनसलं की एका रात्रीत घोळक्याने बाहेर पडणारं. झाकण सैल बसणाऱ्या पेटीत ते नको.

अर्धा किलो गांडुळं घ्यावीत. आयसेनियाची मोठी गांडुळं अर्ध्या किलोत हजाराच्या आसपास बसतात. विकताना ती बिछान्यासकट तोलली आहेत की निव्वळ, हे विचारून घ्यावं, फरक फार पडतो. जास्त घेऊन फायदा नाही. दर चौरस मीटरला साधारण पाच किलो ही चांगल्या व्यवस्थेत पेलणारी घनता आहे. ३८ सेंटिमीटरच्या चौकोनाचं क्षेत्रफळ ०.१४ चौरस मीटर, म्हणजे कमाल ७०० ग्रॅम. आणि ट्रे वाढवले म्हणून ही संख्या त्या प्रमाणात वाढत नाही, कारण गांडुळं वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच वावरतात. ‘पाच ट्रे म्हणजे पाचपट क्षमता’ ही जाहिरात इथेच कोसळते.

सोडताना गांडुळं त्यांच्या सोबतच्या मालासह वर पसरावीत, आत कालवू नयेत. उजेड टाळायला ती स्वतःच खाली जातात. पहिल्या दोन-तीन रात्री झाकण काढून वर दिवा चालू ठेवावा. नव्या जागेत ती बाहेर पडायला बघतात, उजेड त्यांना आत ठेवतो. चौथ्या दिवशीही भिंतीवर घोळके दिसत असतील तर दोष बिछान्यात आहे, दिव्याने तो सुटणार नाही.

खाऊचा आकडा

‘गांडूळ रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातं’ हे वाक्य जवळपास प्रत्येक खोक्यावर सापडतं. आकडा खोटा नाही, पण तो योग्य तापमानातल्या, मुरलेल्या पेटीचा आणि बारीक करून अर्धवट कुजवलेल्या खाऊचा आहे. नव्या पेटीत ५०० ग्रॅम गांडुळांना रोज २५० ग्रॅम ताजी सालं दिली तर दोन आठवड्यांत आत कुजका गोळा तयार होतो.

पहिला आठवडा फार तर १०० ग्रॅम. त्यानंतर महिनाभर आठवड्याला अर्धा किलो, दोन हप्त्यांत. मागचं ओळखू न येण्याइतकं संपलेलं दिसलं की मगच प्रमाण पाव पटीने वाढवावं. चार-पाच महिन्यांनी पेटी मुरली की या आकाराची पेटी रोज १५० ते २०० ग्रॅम सहज संपवते. त्यापुढे ओढाताण होते. चौघांच्या स्वयंपाकघराचा सगळा ओला कचरा एका पेटीत जाईल असं समजून कोणी घेत असेल तर घेऊ नये.

सालं आधी फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवून मग बाहेर काढून वापरली तर दोन कामं होतात: पेशी फुटून ती लवकर कुजतात आणि चिलटांची अंडी मरतात. मात्र वितळताना सुटणारं पाणी आधी निथळून घ्यावं. खाऊ नेहमी एका कोपऱ्यात पुरावा, वर तीन ते पाच सेंटिमीटर बिछाना ओढावा, पुढच्या वेळी पुढचा कोपरा. असं फिरवत गेलं की कुठलं संपलं, कुठलं पडून आहे ते कळतं, आणि काही चुकलं तर गांडुळांना पळायला तीन कोपरे मोकळे असतात. सर्वांत वर ओल्या गोणपाटाचा तुकडा किंवा पुठ्ठ्याचा कागद असावा.

काय घालू नये: मांस, मासे, दुधाचे पदार्थ, तेलकट आणि खारट उरलंसुरलं. लिंबूवर्गीय साली थोड्या चालतात, ढीग नको, कारण त्यांतलं तेल गांडुळांना झोंबतं. कांदा-लसणाचंही तसंच. चहा-कॉफीचा चोथा आवडीने खातात, पण थर द्यायचा नाही, मिसळायचा. ताजं शेण तापतं. आणि ज्या जनावरांना नुकतंच जंताचं औषध दिलं आहे त्यांचं शेण कुठल्याही रूपात नको, काही औषधं शेणातून उतरतात आणि गांडुळांनाही मारतात.

तोटी आणि ‘द्रवखत’

तोटीतून येणारं तपकिरी पाणी म्हणजे निथळा. अर्धवट कुजलेल्या मालातून झिरपलेलं पाणी, त्यात काय आहे हे दर वेळी वेगळं. जाहिरातीतलं ‘गांडूळ चहा’ हे वेगळंच प्रकरण: ते तयार गांडूळखत पाण्यात घोळून, हवा सोडून करतात आणि लगेच वापरतात. निथळा वास नसलेला असेल तर दहापट पाणी मिसळून शोभेच्या झाडांच्या मुळाशी घालावा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर नको. घाण वास असेल तर फेकून द्यावा. त्याने झाडाला फायदा होण्यापेक्षा मुळं दुखावण्याची शक्यता जास्त.

तोटी बंद ठेवली की दुसरा धोका. खाली पाणी साठतं, त्यात पडलेली गांडुळं बुडतात, आणि तळाचा ट्रे त्या पाण्याच्या वाफेवर सतत ओलाच राहतो. म्हणून तोटी कायम उघडी, खाली डबा. तोंडाशी गाळ बसून ती बुजतेच. आठवड्यातून एकदा काडी फिरवावी. तळाच्या भांड्यात फाडलेल्या कोरड्या पुठ्ठ्याचा सैल थर ठेवला तर पाणी शोषलं जातं, पडलेली गांडुळं तिथे जगतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो पुठ्ठा वरच्या ट्रेत जातो. संपूर्ण पेटीत करता येणारी सर्वांत स्वस्त सुधारणा हीच.

दुसरा ट्रे कधी चढवायचा

इथे बहुतेकांचं बिनसतं. वरच्या ट्रेचं बूड खालच्या मालाला टेकलं पाहिजे. मध्ये तीन-चार सेंटिमीटर पोकळी राहिली तर गांडुळांना चढायला वाटच नसते, थोडी भिंतीवरून जातात, बाकीची खालीच उपाशी राहतात. माल कुजताना खूप खचतो. काठोकाठ भरलेला ट्रे महिन्याभरात निम्म्यावर येतो. त्यामुळे पहिला ट्रे एकदा भरून चालत नाही, खचेल तसा भरत राहावा लागतो. खचणं थांबलं आणि पातळी वरच्या ट्रेच्या बुडाला भिडली की दुसरा चढवायचा. नव्या पेटीत याला तीन ते पाच महिने लागतात, पुढच्या ट्रेंना दोन ते तीन. दुसऱ्या ट्रेत पुन्हा तसाच बिछाना आणि खालच्या ट्रेतलं मूठभर मुरलेलं खत, मग खाऊ फक्त वर.

तिसरा ट्रे ठीक. चौथा-पाचवा नको. भरलेला ओला ट्रे ९ ते १२ किलोचा होतो, खालच्यावर तो भार येतो आणि आधीच बारीक झालेलं खत दाबून घट्ट होतं. शिवाय खालचं तपासायला दर वेळी एवढं वजन उचलावं लागतं, म्हणून कोणी तपासतच नाही. दोन ट्रे कामात आणि एक निथळत, एवढं पुरतं. उरलेल्या ट्रेमध्ये पुठ्ठा फाडून साठवावा.

काय बिघडतं

नाक हे सर्वांत भरवशाचं साधन. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा बंद झाली: माल हाताने मोकळा करा, कोरडा पुठ्ठा मिसळा, आठवडाभर खाऊ बंद. डोळ्यांत जाणारा अमोनिया म्हणजे नत्र जास्त: पुठ्ठा आणि सुका पाला वाढवा. आंबट, दारूसारखा वास म्हणजे आंबवण: पिठूळ किंवा गोड खाऊ एकदम जास्त पडला. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक. अशा पेटीत काही गांडुळांच्या अंगाला गाठी आलेल्या दिसतात, माळेतल्या मण्यांसारख्या, मग ती तुटून मरतात. पाळणारे याला प्रथिनांची विषबाधा म्हणतात. सडता खाऊ उचलून काढणं हा पहिला उपाय, मग ताजा बिछाना, मग टरफलांची किंवा चुनखडीची बारीक पूड दोन-तीन चमचे. विझवलेला किंवा कळीचा चुना कधीही नाही, तो गांडुळांना भाजतो.

उष्णतेचं गणित वेगळं समजून घ्यावं. आयसेनियाला १५ ते २५ अंश सेल्सियस मानवतं, ३० च्या वर ती सुस्तावते, ३५ च्या आसपास मरायला लागते. पेटीच्या आतलं तापमान कुजण्यामुळे खोलीपेक्षा काही अंश वरच असतं. म्हणून तापमापी खोलीत नाही, मालात खुपसावा. गरम दिवसांत खाऊ कमी, आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली गोणपाटावर आडवी. काळ्या रंगाची पेटी उन्हात तासभरही ठेवू नये.

चिलटं आली तर खाऊ उघडा पडतोय. वरचे पाच सेंटिमीटर कोरड्या पुठ्ठ्याचे ठेवले की दोन-तीन आठवड्यांत कमी होतात. तांबूस-तपकिरी कोळ्यांची (माइट या ठिपक्याएवढ्या किडींची) पूड पसरल्यासारखी दिसली तर ओल जास्त. ब्रेडचा तुकडा किंवा कलिंगडाची साल वर ठेवून रात्रीत त्यावर जमलेले कोळी तसेच उचलून फेकावेत, पण ओल कमी केली नाही तर ते परत येतात. मुंग्या उलट सांगतात: कोरडं पडलंय. ओलं करा आणि चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब.

दोऱ्यासारखे पांढरेशुभ्र, सेंटिमीटरभर किडे हजारोंनी दिसले की लोक पिल्लं झाली म्हणून खूष होतात. ती पिल्लं नव्हेत, एन्किट्रिड नावाचे वेगळे कृमी आहेत, ओल आणि आम्लता वाढल्याची खूण. गांडुळाचं पिल्लू फिकट असलं तरी त्याच्या अंगात लाल रेघ दिसते, ती रक्तवाहिनी. गांडुळांचे खरे कोष, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, लिंबाच्या आकाराचे, तीन-चार मिलिमीटरचे, आधी फिकट पिवळे, पिकताना तपकिरी-लाल. एका कोषातून दोन ते चार पिल्लं, तीन-चार आठवड्यांत, आणि वयात यायला आणखी सहा ते आठ आठवडे.

खत काढणं

वरच्या ट्रेत खाऊ चालू करून महिना-दीड महिना झाला तरी खालच्या ट्रेत गांडुळं सापडतातच, आणि कोष तर चढूच शकत नाहीत. त्यामुळे जाहिरातीतलं ‘ट्रे उचला, खत ओता’ होत नाही. ट्रे उजेडात, झाकण न लावता सर्वांत वर दोन दिवस ठेवावा. वरचा थर सुकतो, गांडुळं खाली सरकतात. मग प्लॅस्टिकवर १५-२० सेंटिमीटर उंचीचे ढीग करून वर दिवा धरावा. दहा मिनिटांनी वरचं खरवडायचं, पुन्हा थांबायचं. शेवटी तळाशी गांडुळांचा गुंता उरतो, तो वरच्या ट्रेत.

खत चाळायचं असेल तर ४ ते ५ मिलिमीटरची जाळी, आणि माल भुसभुशीत होईपर्यंत वाळलेला हवा. ओलं चाळलं की गोळ्या होतात. चाळलेल्या खतात केळीच्या सालीची छोटी जाळीदार पिशवी पुरून तीन-चार आठवडे ठेवली तर कोषांतून निघालेली पिल्लं तिच्याभोवती जमतात, मग पिशवी उचलून पेटीत. खत दमट ठेवावं, हवाबंद नाही.

कुंडीत हे खत जास्त घातलं म्हणून जास्त चांगलं असं होत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि नॉर्मन अरॅन्कन यांच्या प्रयोगांत कुंडीतल्या मिश्रणात १० ते ४० टक्के गांडूळखत असताना झाडांची वाढ सर्वांत चांगली झाली. घरच्या कुंड्यांना १० ते २० टक्के भरपूर झालं. नुसत्या गांडूळखतात रोप लावलं तर क्षार जास्त होतात आणि पाणी साचतं.

दुसरे पर्याय

चाळीस-पन्नास लिटरचा अपारदर्शक साधा टब, वरच्या कडेला आणि झाकणाला भोकं पाडून, हेच काम करतो. त्यात पोकळीची अडचण नाही, थर जाड बसतो, चूक सोसली जाते. खत काढणं मात्र कष्टाचं, आणि जागा जास्त खातो. वरून खाऊ, खालून खत अशी कापडी पिशवी पाण्याच्या हिशेबात या पेटीपेक्षा सरळ सरस आहे, कारण कापड श्वास घेतं. पण ती भरून पहिलं खत निघायला जवळपास सहा महिने लागतात, आणि सुरुवातीला गांडुळं आणि बिछाना बराच जास्त लागतो. थरांची पेटी त्यांना शोभते ज्यांना घरात कोपऱ्यातली जागा द्यायची आहे, रोज दोनशे ग्रॅमच्या आत सालं निघतात, आणि आत काय चाललंय ते उघडून पाहायला आवडतं.

दुकानात पेटी हातात आली तर या गोष्टी बघाव्यात. दोन ट्रे एकमेकांत बसवून वरच्याचं बूड किती खाली उतरतं ते मोजावं, जास्त खोल उतरत असेल तर तितकी जागा कायमची वाया. झाकणाला वाऱ्याची भोकं असावीत आणि त्यांना आतून जाळी. तळाचं भांडं मध्यभागी उंचवटा असलेलं असेल तर पडलेली गांडुळं त्यावरून वर चढू शकतात, सपाट असेल तर तिथे वीट ठेवावी लागेल. तोटीचा वायसर सुटा मिळतो का ते विचारावं, सर्वांत आधी गळतो तोच. आणि चार ट्रेचा संच व दोन ट्रेचा संच यांच्या किमतीत फरक असेल तर दोनचा घ्यावा, तिसरा ट्रे लागेल तेव्हा सुटा मिळत असेल तर.